मीठ विसरू नये

५ एप्रिल १९९८, रविवार

वॉर्डात औषधाच्या कंपनीचा माणूस येतो, त्यानं जानेवारीत ही डायरी दिलती. तीन महिने कपाटात पडून होती. मी काय पुढारी हाय डायरी लिहायला? पण आज घरात एक गोष्ट ठरली, आणि ती कुठंतरी लिहून ठेवावी असं वाटलं.

ठरलं ते असं, की यंदा वर्षाची चटणी एकच करायची. तिघींची मिळून.

चटणी म्हणजे आमची. कांदा-लसणाची, लाल, कालवणात पडते ती. मागं पुण्याची एक पेशंट मला विचारत होती, सिस्टर, वर्षभराची चटणी नासत कशी नाही? तिच्या डोळ्यापुढं ओल्या नारळाची वाटी. मी म्हटलं, बाई, तुम्ही झोपा.

शाहूपुरीतल्या ह्या दोन खोल्या सात वर्षं माझ्याकडं हायत. मी शालन, स्टाफ नर्स, पेठ वडगावची, वय एक्केचाळीस. लग्न केलं न्हाई, त्याचं वाईटही वाटत न्हाई. माझ्याबरोबर दोन पोरी राहतात. अक्षता चंदगडची, झेरॉक्सच्या दुकानात काम करते आणि बोलते जास्त. विद्याश्री गेल्या जूनला आली. हायस्कुलात मराठी शिकवते. गडहिंग्लजच्या पलीकडं हद्दीवरची लिंगायताची पोरगी, घरात कानडी, शाळेत मराठी. माझं "मी आलो, मी गेलो" तिला खटकतं. म्हणते, अक्का, बाईमाणसानं आले-गेले म्हणावं. मी म्हटलं, अख्ख्या कोल्हापुरातल्या बायका आलो-गेलोच म्हणतात, तू किती जणींच्या वह्या तपासणार?

घराचा नियम एकच. ज्याच्या घरनं जे येईल ते एका कपाटात. अक्षताचा तांदूळ, विद्याश्रीची ज्वारी आणि शेंगा, माझ्या भावाकडचा गूळ-लसूण. डब्यावर नाव न्हाई, खूण न्हाई. सात वर्षांत नऊ पोरी येऊन गेल्या, नियम मोडला न्हाई. फक्त चटणी तेवढी ज्याची त्याची होती. जिची पाळी तिची चटणी, त्यामुळं सोमवारची आमटी एक चवीची आणि मंगळवारची भलतीच. आता तेही संपलं. आज मला फार बरं वाटतंय.

११ एप्रिल, शनिवार

मिरची विद्याश्रीच्या घरनं आली. जवारी, तीन किलो. देठं काढता काढता तिघींची भांडणं. अक्षता म्हणते, खोबरं जास्त पाहिजे. विद्याश्री म्हणते, अव्वा लसूण कमी घालते. अव्वा म्हणजे तिची आई. मी दोघींची मतं नीट ऐकून घेतली आणि मग माझ्या पद्धतीनं करायचं ठरवलं.

बोटांची आग होतीया. पेन धरवत न्हाई.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंतीला वडगावला गेलतो. मिरवणूक जोरात झाली. भावाची पोरगी पुढं लेझीम खेळत होती, मी गर्दीत उभं राहून सगळ्यांना सांगत होतो, ती निळ्या साडीतली आमची.

परत यायला उशीर झाला. विद्याश्री ताट झाकून जेवायची थांबलेली. मी वडगावला जेवून आलेलो. कशाला थांबली कुणास ठाऊक. तिला सांगितलं, असं उपाशी राहून पित्त वाढतं. तर म्हणाली, बाबासाहेबांच्या फोटोला हार आणलाय, घालू का तुम्ही घालताय? मीच घातला. पोरगी शिस्तीची हाय, एवढं खरं.

२२ एप्रिल, बुधवार

आज लिहू नये असं वाटतंय, म्हणूनच लिहितो.

विद्याश्री शाळेतनं आली ती चहा न घेताच बसून राहिली. मला वाटलं ताप. नाडी बघायला हात धरला तर रडायला लागली. मग सांगितलं. एक तारखेला निकाल लागला की तिला सुट्टीला न्यायला तिची आई येणार. दोन-चार दिवस राहणार. आणि हिनं वर्षभर घरी कळवलंय, की प्रत्येकीचा स्टो वेगळा, सामान वेगळं, बाहेरच्या खोलीत एक नर्सबाई असतात. बास, एवढंच.

"अक्का, दोन दिवस डबे वेगळे लावले तर चालेल का?" म्हणाली. "अव्वाला कळलं तर अप्पा मला नोकरी सोडायला लावतील."

मी हात सोडला.

नर्सिंगच्या ट्रेनिंगला गेलतो तेव्हा मी अठरा वर्षांचा घोडा. होस्टेलात पहिल्याच आठवड्यात माझ्या पेल्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला. मला वाटलं कुणाचं तरी सांडलं. घासून काढला. दुसऱ्या दिवशी परत. मग कळलं. तीन वर्षं त्या ठिपक्याच्या पेल्यातनं पाणी पिलो आणि परीक्षेला पहिला नंबर काढला. म्हणून ह्या घरात डब्याला खूण न्हाई. हे मी कुठल्याच पोरीला सांगितलेलं न्हाई. सांगायची गरजही न्हाई.

तिनं भिंतीवरचा फोटो काढायला सांगितलं न्हाई. ते सांगितलं असतं तर तिची ट्रंक मी स्वतः रस्त्यावर ठेवली असती.

मी एवढंच म्हटलं, बघू.

२४ एप्रिल, शुक्रवार

दोन दिवस माझं कशात लक्ष न्हाई. काल वॉर्डात एका पेशंटला दुसरीचं टेंपरेचर सांगितलं.

एक मन म्हणतं, चालायला लागू दे हिला. एवढी मराठी शिकवते, आईला चार खरी वाक्यं सांगता येत न्हाईत? दुसरं मन म्हणतं, नोकरी गेली तर बापाच्या घरी बसेल, आणि बसली की लग्न. शिकवते चांगलं. मागच्या महिन्यात तिच्या वर्गातली पोरं घरी आलती, मी बघितलंय.

शेवटी असं केलं. दोन आणि तीन तारखेला मला सुट्टी होती, डंकावर चटणी कांडून आणायला म्हणून मुद्दाम घेतलेली. ती सुट्टी दुसऱ्या सिस्टरला दिली आणि तिची ड्यूटी मी घेतली. आमच्या वॉर्डातल्या तानाबाई आया जवळच राहतात, ते तीन दिवस त्यांच्याकडं झोपायचं. घरात राहून मी भाडेकरूचं नाटक करणार न्हाई. हे काय कुणासाठी केलं न्हाई. त्या सिस्टरच्या घरी बारसं होतं, तिला सुट्टीची गरज होती.

विद्याश्रीला सांगितलं तर ती पायाच पडायला लागली. मी म्हटलं, नाटक नको, लसूण सोल.

१ मे, शुक्रवार

सगळा मसाला भाजून ठेवला. धने, तीळ, खोबरं, खडा मसाला, कांदा तळून. डंक म्हणजे बयाबाईंचं कांडपाचं मशीन, ह्या दिवसांत तिथं सकाळी सहापासून बायकांची रांग लागते. मी नसणार म्हणून पोरींसाठी चिठ्ठी लिहिली. आधी मिरची कांडायची, मग मसाला, मग कांदा-लसूण, मग सगळं कालवून परत एकदा. शेवटी खाली दोन रेघा मारून लिहिलं, "मीठ विसरू नये." मीठ नसलं तर अळ्या पडतात, वर्ष वाया जातं. ह्या पोरींचं काय सांगता येत न्हाई.

संध्याकाळी बाई येणार. त्याआधी विद्याश्री कपाटासमोर नुसती उभी. कुठला डबा कुठं ठेवायचा तिला सुचेना. मी माझे डबे स्वतः उचलले आणि बाहेरच्या खोलीत नेऊन मांडले. वेगळं व्हायचं तर आपल्या हातानं व्हावं, दुसऱ्याच्या हातानं न्हाई.

तानाबाईंच्या घरी बसून लिहितोय. त्यांनी पिठलं केलंय. छान झालंय. अर्धं तसंच झाकून ठेवलंय.

३ मे, रविवार

काय दिवस गेला हा!

अकराच्या सुमाराला वॉर्डात राउंड संपला आणि दारात एक बाई उभी. इरकल साडी, कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, डोळ्यात जाळ. मी ओळखलं. विद्याश्रीचे डोळे तसेच हायत, फक्त तिच्यात जाळ न्हाई.

मनात म्हटलं, ये. सिस्टरच्या ड्रेसमध्ये मी कुणाला भीत न्हाई, आणि ड्रेस नसतानाही भीत न्हाई. भांडायचं तर पेशंटपासून लांब म्हणून तिला गॅलरीत नेलं.

तिनं भांडायच्या ऐवजी पदराची गाठ सोडली. आत कागदाची पुडी, पुडीत चटणी.

"चाखून बघा बाई," म्हणाली.

मी चिमूटभर जिभेवर ठेवली. अरे देवा. समुद्र पिल्यासारखं. "किती मीठ घातलंय हे?"

"तिघींनी घातलंय. तुमच्या चिठ्ठीत लिवलं होतं न्हवं, इसरू नका म्हणून? कोण इसरलं न्हाई."

हळूहळू सगळं कळलं. चंदगडला मिरची कांडतानाच मीठ घालतात, तिखट उडू नये म्हणून. अक्षतानं तसं घातलं. विद्याश्रीच्या घरी मीठ कांद्याबरोबर जातं, तिनं घरातनं निघतानाच कांद्याला चोळलं. आणि मी मोजून बांधून ठेवलेली मिठाची पुरचुंडी ह्या शांतव्वाबाईंना, म्हणजे विद्याश्रीच्या आईला, पिशवीत सापडली, त्यांना वाटलं पोरी विसरल्या, त्यांनी शेवटी ती रिकामी केली. तिघींनी आपापल्या परीनं मीठ घातलं आणि एकीनं दुसरीला विचारलं न्हाई. माझ्या चिठ्ठीत काही चूक नव्हती. चिठ्ठी स्पष्ट होती.

आणि तिथंच बयाबाई चिठ्ठी बघून म्हणाल्या, हे तर शालन सिस्टरचं अक्षर. दरवर्षी स्वतः येतात, वडगावच्या, जयंतीला पुढं असतात, त्या कुठं गेल्या? मग सगळंच उघडं पडलं. विद्याश्रीनं रांगेतच आईला खरं सांगितलं. सगळं, पहिल्या दिवसापासनं. अक्षता म्हणते, एवढं सलग बोलताना तिला कधी बघितलं न्हवतं.

शांतव्वाबाईंनीही येताना सहा किलो मिरची आणलेली. त्यांच्या गावचा डंक बिघडलाय, म्हणून त्यांच्या घरची वर्षाची चटणी त्या इथनंच कांडून नेणार होत्या. वेगळी.

मी गणित केलं. तीन पट मीठ पडलं, तर आणखी दुप्पट मिरची बिनमिठाची कांडायची आणि सगळं एकत्र कालवायचं. दुसरा उपाय न्हाई. म्हणजे बरोबर सहा किलो. तिनंही तेच गणित केलं असणार, त्याशिवाय एवढ्या उन्हात वॉर्ड शोधत आली नसती. पण एकदा एकत्र कालवली की ती कुणाची वेगळी राहत न्हाई, हेही तिला ठाऊक होतं. तिनं पुडी परत पदराच्या गाठीत बांधली.

"पोरीला बोलायचं ते मी बोललोय," म्हणाली. "तुम्हाला बोलायचंय ते चटणी नीट झाल्यावर. उद्या या."

माझ्याच घरात मला "या" म्हणते. म्हटलं, येतो.

४ मे, सोमवार

सुट्टी टाकली. मेट्रन काय बोलल्या ते लिहीत न्हाई.

दिवसभर आम्ही दोघी समोरासमोर बसून कांदा चिरला, खोबरं किसलं, मसाला भाजला. बाई कामाची हाय. तिचा हात माझ्याइतका चालतो, आणि हे मी सहसा कुणाबद्दल म्हणत न्हाई. बोलली काहीच न्हाई. फक्त तीळ करपायला लागले तेव्हा "अय्यो" म्हणून झारा माझ्या हातातनं घेतला. तीळ करपत नव्हते. जरा लाल झालेले.

दुपारी तिनं आपल्या गाठोड्यातली कडक भाकरी आणि दही खाल्लं. आमचा भात शिजलेला होता. मी जेवा म्हटलं न्हाई. मी जेवणाचा आग्रह कुणालाच करत न्हाई, ती माझी सवयच हाय. विद्याश्री एकदा माझ्याकडं बघायची, एकदा आईकडं. शेवटी ती अर्धी जेवून उठली.

चारला डंकावर गेलो. माझा भट्टीसारखा तापलेला चेहरा बघून बयाबाईंनी रांगेतनं पुढं घेतलं. कांडून आणली आणि घरात मोठ्या परातीत जुनी-नवी कालवायला बसलो. चौघींचे हात कोपरापर्यंत लाल. आता प्रश्न मिठाचा. चाखून चाखून माझी जीभ मेलेली. अक्षताला सगळंच चांगलं लागतं, तिचा उपयोग न्हाई. विद्याश्री म्हणे, मला कळंना.

"मला द्या," शांतव्वाबाई म्हणाल्या आणि तळहात पुढं केला.

मी चमच्यात घेतली. आणि माझा हात वर गेला. तिच्या तळहातापासनं वीतभर वर. मी वरनं टाकणार होतो. कुणी सांगितलं न्हवतं, ठरवलं न्हवतं. एवढी वर्षं मी दुसऱ्याला नियम शिकवतो आणि माझाच हात तिथं जाऊन थांबला. दिवसभर कांडपाला उचलाउचल केली, खांदा आखडला असेल. असेलच.

तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं. चमचा तिच्या तळहाताला टेकला.

"वरनं काय टाकताय? सांडंल की. नीट द्या."

चाखली. डोळे मिटून, जिभेवर फिरवून, परत एकदा.

"बराबर हाय," म्हणाली. मग तोच हात परातीच्या कडेला पुसून माझ्याकडं न बघता बोलली, "माझ्या पोरीनं तुम्हाला तुमच्याच घरातनं तीन दिवस भाईर काढलं. तिला तसं आम्हीच शिकवलंय. तेवढं बोलायचं होतं मला."

मी म्हटलं, भात हाय, खाणार का? बहुतेक सात वर्षांत पहिल्यांदाच म्हटलं असेल. तिनं विचारलं, नवी चटणी आणि तेल घालून? म्हटलं, व्हय. ती दोन वेळा भात मागून जेवली. विद्याश्री भांडी घासायला गेली ती तासभर आलीच न्हाई.

माझे डबे कपाटात कुणी परत ठेवले कुणास ठाऊक. मी बघितलं तेव्हा तिथंच होते.

६ मे, बुधवार

चटणीचे वाटे झाले. एक आमचा, एक अक्षताच्या घरी चंदगडला, सगळ्यात मोठा शांतव्वाबाईंचा. मिरची त्यांची, हक्क त्यांचा. थोडी माझ्या भावाला.

मायलेकींना स्टँडवर पोचवायला गेलतो. मी विचारलंच, घरी काय सांगणार? म्हणाल्या, हाय ते सांगणार, इचारलं तरी आणि न इचारलं तरी. मग जरा थांबून म्हणाल्या, पण आमच्या मालकांचं मी तुम्हाला काय सांगू शकत न्हाई, शालनक्का. ते ताट सारून उठतील. पोरीला जूनला धाडतील का न्हाई, तेही सांगता येत न्हाई.

खरं बोलली. मला खोट्यापेक्षा ते चाललं. गाडी सुटेस्तोवर बरणी मांडीवर घेऊन बसलेली. शेजारच्या बाईनं विचारलं, काय हाय? तर मोठ्यानं सांगत होती, ह्या आमच्या शालनक्कांची चटणी, कोल्हापूरची. मी लगेच पाठ फिरवली आणि चालायला लागलो. डोळ्यात धूळ गेली. स्टँडवर ह्या दिवसांत फार धूळ उडते.

२७ मे, बुधवार

पत्र न्हाई. अक्षता रोज विचारते. मी म्हटलं, पोस्टमन तुझा मामा हाय का? विद्याश्रीची खाट झटकून ठेवली. खाट हाय तर झटकावी लागते.

वॉर्डात सगळ्या सिस्टरना चटणी चाखवली. आमच्या घरची, तीन तालुक्यांची, असं सांगितलं. दोघींनी पुढच्या वर्षी आम्हालाही घ्या म्हटलं. बघू म्हटलं. लगेच हो म्हणत नसतात.

१४ जून, रविवार

सकाळी रिक्षा थांबली आणि विद्याश्री ट्रंक घेऊन उतरली. उद्या शाळा. वाळलीय. मी म्हटलं, आधी जेव, मग सांग. पण थांबते कुठली.

शांतव्वाबाईंनी पहिल्याच दिवशी वाढताना सांगितलं, ही चटणी कुणाची, पोरगी वर्षभर कुणाच्या हातचं जेवते. तिचे वडील, चनबसाप्पा, ताट सारून उठले. घरात दुसरी चटणी न्हाई. शांतव्वाबाई म्हणाल्या, घरात हीच हाय, पायजे तर दही हाय. चार दिवस त्या माणसानं दही-भाकरी खाल्ली. कुणाशी बोलला न्हाई. पाचव्या दिवशी न बोलता ताटात बोट दाखवलं. शांतव्वाबाईंनी वाढली. जेवला. दुसऱ्या दिवशी परत. नोकरीचा विषय कुणी काढला न्हाई. आज पहाटे ट्रंक गाडीवर त्यांनी स्वतः चढवली.

मला गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू. पण पुढं ती म्हणाली, अक्का, अप्पांनी तुम्हाला एक निरोप दिलाय. म्हटलं, सांग.

"सिस्टरना सांग, चव चांगली हाय, पण मीठ कमी पडलंय. पुढच्या वर्षी जरा बेतानं वाढवा म्हणावं."

मीठ कमी! माझ्या चटणीला! जिच्यात तीन घरांचं मीठ पडलंय, जी मी सुट्टी टाकून निस्तरली, जी ह्यांच्या बायकोनं डोळे मिटून बराबर हाय म्हणून सांगितली, तिला मीठ कमी! चार दिवस नुसतं दही खाल्ल्यावर जिभेला काय कळणार? अक्षता आणि विद्याश्री दोघी खिदळत होत्या. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं न्हाई.

आत्ताच्या आत्ता उत्तर लिहून टाकलं. श्री. चनबसाप्पा यांस, मीठ बरोबर आहे. आपणांस शंका असल्यास पुढच्या मे महिन्यात कोल्हापूरला यावे, डंकाच्या रांगेत आमच्याबरोबर उभे राहावे, परातीजवळ बसून तळहातावर घेऊन चाखावे आणि मग तोंडावर सांगावे. घरी बसून नावे ठेवू नयेत. जेवूनच जावे.